आखाजीला चूल कोण पेटवणार?

आई गेली तेव्हा मार्गशीर्ष निम्मा सरला होता. चंपाषष्ठी होऊन गेली होती, चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं घराघरात परत आलं होतं, आणि आमच्या अमळनेर तालुक्यात संध्याकाळी शेताशेतांतून धूर दिसायला लागला होता. भरीत पार्टीचा धूर. आई जायच्या आठच दिवस आधी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेतात चाळीस माणसांचं भरीत केलं होतं.

ते करताना मी त्यांना लहानपणापासून पाहत आलोय. वेचणी संपलेल्या कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यावर ती मोठाली, हिरवट-पांढरी, कमी बियांची वांगी टाकायची. साल काळंठिक्कर होऊन देठाजवळ पाणी सुटेपर्यंत उलटीपालटी करत राहायचं. जाळ बसला की निखाऱ्यावर हिरव्या मिरच्या. मग साल काढून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचं. अप्पा मिक्सरचं नावही काढू देत नाहीत. गराचा दोरा तुटला पाहिजे पण लगदा होता कामा नये, आणि हे त्यांना मुसळीखालच्या आवाजावरून कळतं. वरून कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि तेलाची चरचरीत फोडणी. पंचक्रोशीत त्यांच्या हातच्या भरताचं नाव आहे.

आई गेल्यावर घरात चूल पेटली नाही. गल्लीतल्या बायकांनी आळीपाळीनं पिठलं-भाकरी आणली, उडदाची डाळ आणली. पहिल्या रात्री शेजारच्या मोठ्या काकू ताट घेऊन अप्पांसमोर बसल्या. म्हणाल्या, "दोन घास खाई ल्या भाऊ. पोटले आधार लागस." अप्पांनी खाल्लं. दारावर येणारे येत राहिले, सुतक संपवणारी गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले. चौदाव्या दिवशी सकाळी अप्पा आणि मी स्वयंपाकघरात उभे होतो. फळीवर डबा होता, डब्यात आईनं दळून आणलेलं कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ होतं, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही भाकरी येत नव्हती. चाळीस माणसांना तृप्त करणाऱ्या माणसाला स्वतःपुरती एक भाकर थापता येत नव्हती.

ते पीठ आम्ही वापरलंच नाही. हॉटेलातून शेवभाजी येत राहिली. फाल्गुनात डबा उघडला तर पिठाला जाळं धरलं होतं. आईनं सुपात घेऊन निवडलेल्या ज्वारीचं पीठ मी उकिरड्यावर नेऊन टाकलं. त्या गोष्टीची टोचणी अजून गेलेली नाही, आणि हा लेख त्या टोचणीतूनच लिहितो आहे.

सध्या वनस्पतीजन्य आहाराबद्दल बरंच बोललं जातं. तब्येतीसाठी, हवापाण्यासाठी, जनावरांच्या कणवेपोटी. या सगळ्या कारणांचा मला आदर आहे. पण खानदेशात हा आहार कुणी ठरवून स्वीकारला नव्हता. कोरडवाहू जमिनीत जे उगवलं त्यातून तो झाला. दूध विकायला जायचं, तूप सणाला निघायचं, आणि रोजच्या ताटात ज्वारी, उडीद, तूर, शेंगदाणा, मिरची, लसूण आणि तेल. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा आणि ठेच्यावर कच्च्या तेलाची धार: या ताटात जनावराचं काहीही नाही, आणि असं जेवून माणसं दिवसभर वखर हाकत आली.

कळण्याचंच घ्या. आमच्याकडे चार वाटे ज्वारीला एक वाटा अख्खे काळे उडीद, खडे मीठ आणि मूठभर मेथ्या, असं एकत्र दळायचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, उडदात ते भरपूर असतं. उडदात जे कमी ते ज्वारी भरून काढते. ज्या बायांनी हे प्रमाण बसवलं त्यांना हे शब्द माहीत नव्हते, पण कळण्याची भाकर खाल्ली की दुपारपर्यंत भूक लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डाळगंडोरी, पातोड्यांचा रस्सा, गंगाफळाची भाजी, पंगतीतलं वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी, यांतल्या कशालाही मटणाची उणीव भासत नाही. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा आमच्या ज्वारीचं जगभर कौतुक झालं.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. आमच्या घरी काळ्या मसाल्याचं मटणही होतं, आणि सातपुड्यातल्या घरांत मासे-कोंबडी चवीनं खातात. कुणाच्या ताटात डोकावून त्याला कमी लेखायचा हा लेख नाही. आणि निव्वळ वनस्पतीजन्य जेवणात बी-१२ जीवनसत्त्व मिळत नाही. ज्यांनी दूध-तूपही सोडलं असेल त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं ते वेगळं घ्यायलाच हवं.

माझा मुद्दा हा की एवढं संपन्न जेवण आमच्या घरांतून निघून चाललंय, आणि त्याचा दोष आपण भलत्यांना देतो. नव्या पिढीला पनीर आवडतं म्हणतो, सुनांना कळण्याचं पीठ मळायला नको वाटतं म्हणतो. कपाशी आणि केळीपुढे ज्वारी-उडीद मागे पडले हे खरंच आहे. तरी बाजारात दोन्ही मिळतात, चक्कीवर कळणा दळून मिळतो. जिन्नस आहे, चूल आहे, भूक आहे. कमी पडतात ते हात, कारण हे सगळं जेवण आपण घरातल्या एकाच माणसाच्या हातांवर ठेवलं. तो माणूस गेला, आजारी पडला, थकला, की ताट रिकामं.

भाजीपाल्याचं, डाळींचं जेवण कष्टाचं असतं, हे त्याचं कौतुक करणारे सांगत नाहीत. शेंगा सोलायच्या, भाजी निवडायची, डाळ भिजवायची, वाटायची. पातोडी करायची तर पीठ शिजवून, थापून, वड्या पाडून वर रस्सा वेगळा. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, उन्हाळ्यात मोठ्या पातेल्यात घाटा रटरटवायचा आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गच्चीवर ओल्या धोतरावर एकेक बिबडा थापत जायचं. आमच्या लहानपणी आम्ही पोरं वाटी घेऊन घाट्यावर तेल घालून खायला जायचो. गच्चीवर सात-आठ बायका असायच्या. पुरुष एकही नसायचा. तेव्हा ते नजरेतही आलं नाही.

केंद्र सरकारनं २०१९ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली होती. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. आणि अशी कामं करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला गच्ची आठवली.

यावर गावात हमखास येणारं उत्तर म्हणजे, पुरुष दिवसभर शेतात राबतो, त्यानं घरी येऊन भाकरी का थापावी? मग कपाशी कोण वेचतं? आमच्या भागात वेचणीला बायकाच जातात. सकाळी घरच्यांचे डबे करून जातात, ओटीत कापूस भरत दिवसभर वाकतात, अंधार पडताना घरी येऊन चूल पेटवतात. त्यांनी वेचून रिकाम्या केलेल्या झाडांच्या काड्यांवर आमची भरीत पार्टी होते, आणि त्या पार्टीतल्या कळण्याच्या पुऱ्याही बहुतेक वेळा घरून तळून येतात. अप्पांच्या भरताचं नाव झालं. पुऱ्या कुणी केल्या हे कुणी कधी विचारलं नाही. त्या आई करायची.

म्हणजे पुरुषांना स्वयंपाक येत नाही, हे खानदेशात तरी कुणी म्हणू नये. भरीत पुरुषच करतात. पंगतीची बट्टी, वरण, घोटलेली वांगी पुरुष आचारी करतात, हातभर पळी घेऊन. फडावर, शेतात, जत्रेत, मंडपात पुरुषाच्या हाताला चव असते. उंबरा ओलांडून आत आला की ते हात गळून पडतात. आवड आणि अंगातली कला दोन्ही आहे. घरात तिचा उपयोग करायचा नाही असं आपण मानून बसलो, आणि दुःखाच्या वेळी त्याची किंमत कळते.

आता आखाजीबद्दल सांगतो.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि हा आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण आहे. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल या दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई मांडली जाते, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. त्याच दिवशी पितरांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. चुलीतले निखारे काढून त्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची, गेलेल्यांची नावं घेऊन घास द्यायचा. बऱ्याच घरांत तोवर वर्षाचा पहिला आंबा कुणी तोंडाला लावत नाही. पुरण, आमरस, रसई म्हणजे तिखट आमटी, कुरडया, भजी, सगळं ताट आधी गेलेल्यांना, मग जिवंतांना. बाहेर मुली झोक्यावर गात असतात आणि आत कुणीतरी निखाऱ्यापाशी डोळे पुसत असतं. एकाच स्वयंपाकात सुख आणि दुःख दोन्ही वाढणारा असा दुसरा सण मला माहीत नाही.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला ताई आली. घागर पहिल्यांदाच आईच्या नावाची होती. ताईनं पिशवी ओसरीवर ठेवली, पाणी प्यायली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. डाळ शिजायला घातली, कणीक तिंबली, आंबे पिळले. खापर बाहेर काढलं, आईसारखे मांडे जमतात का पाहिलं, दोन फाटले, मग तव्यावरच्या पोळ्या केल्या. तीन दिवस ती होती आणि तिन्ही दिवस चुलीपुढून हलली नाही. झोक्याकडे तिनं पाहिलंही नाही. निघताना फाटकापाशी मला म्हणाली, "भाऊ, सासरी निदान जाऊबाई हाताखाली असते रे."

आई गेली की माहेर संपतं, असं बायका म्हणतात. मी ते कितीदा ऐकलं होतं, आणि त्यात मायेचा ओलावा संपतो असा अर्थ धरून होतो. ताईच्या त्या वाक्यानं मला तो साधा आणि कठोर अर्थ कळला. माहेर म्हणजे वर्षातले चार दिवस आयतं ताट मिळण्याची जागा. आई गेली की ते ताट वाढायला कुणी उरत नाही, आणि लेक माहेरच्या घरात दुसऱ्यांदा सून होते. बाप असतो, भाऊ असतो, दोघांचंही तिच्यावर प्रेम असतं, आणि दोघंही ती काय करते याची वाट बघत बसलेले असतात. हे दुःख मरणानं आणलेलं नाही. ते आम्ही पुरुषांनी न शिकल्यानं आणलेलं आहे, म्हणून ते टाळता येतं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी मोठ्या काकूंकडे भाकरी शिकलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला थापूच दिलं नाही, नुसतं मळायला लावलं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो म्हणून उकळतं पाणी घालायचं, आणि तळहाताच्या मुळाशी जोर देऊन परातीत रगडत राहायचं. "कडा फाटली की समज, मळणं कमी पडलं," त्या म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यात भाकरीला पदर सुटला. वरच्या बाजूला पाणी फिरवून तव्यावर टाकली, उलटली, मग निखाऱ्याला धरली आणि ती टम्म फुगली. मी घरी येऊन अप्पांना करून वाढली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ते परातीपुढे बसले होते, एकाहत्तराव्या वर्षी, पीठ चाळत. मीठ किती घालायचं एवढंच त्यांनी मला विचारलं.

लोक म्हणतात, आता महिला बचत गटाच्या भाकऱ्या मिळतात, बिबडे-पापड पाकिटात मिळतात, कशाला हा खटाटोप? ते मिळतं याचा मला आनंद आहे. ज्या कामाला घरात दाम नव्हता त्याला बाजारात दाम मिळतो आहे, आणि मी स्वतः बिबडे विकतच घेतो. पण ज्याच्या घरात कुणी गेलंय त्याला दारात पाकीट नको असतं. तापानं फणफणलेल्या माणसाला रात्री अकराला मऊ खिचडी लागते. मधुमेह असलेल्या बापाच्या पथ्याचं रोज कुणीतरी पाहावं लागतं. तिथे घरातलाच हात लागतो, आणि तो नेहमी बाईचाच असायला हवा असा कुठेही नियम नाही.

आणखी एक बोलणं मला फार लागतं, कारण ते प्रेमानं केलं जातं. आईच्या हातची चव. आम्ही पोरांनी हे म्हणत म्हणत तिला तापातही उठवलं आहे. ती खूश होऊन उठायची आणि आम्ही ते तिचं सुख समजायचो. चव कुणाच्या जन्माला चिकटलेली नसते. ती हजारो भाकऱ्यांनंतर हातात उतरते. अप्पांच्या मुसळीत उतरली आहेच की.

म्हणून हा प्रश्न मला घरापुरता वाटत नाही. आमच्या समाजांचे वधू-वर मेळावे होतात, परिचय पुस्तिका छापल्या जातात. मुलीच्या माहितीत स्वयंपाकाची आवड, गृहकृत्यदक्ष असं आवर्जून लिहितात. मुलाच्या माहितीत पगार आणि एकर लिहितात. मुलाला स्वयंपाक येतो का, हा रकाना त्यात यावा आणि मुलीच्या बापानं तो वाचावा. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी कागदी फुलं करण्यापेक्षा पीठ मळावं. आणि सगळ्यात सोपं, जे उद्यापासून होण्यासारखं आहे: गावात कुणाकडे दुःख झालं की चुलीचं काम पुरुषांनी उचलावं. भाऊबंदकीतले पुरुष तिरडी बांधतात, लाकडं रचतात, मंडप घालतात, दशक्रियेला रांगेत बसतात. त्याच हातांनी त्या घरासाठी भाकऱ्या थापाव्यात. रडून थकलेल्या बायकांना त्या दिवसांत तरी बसू द्यावं.

यंदाच्या आखाजीला ताई आली तेव्हा डाळ शिजलेली होती. पुरण अप्पांनी वाटलं, पोळ्या मी केल्या. खापराचा मांडा आम्हाला अजून जमलेला नाही, तो बहुधा जमणारही नाही, आणि एवढी मोठी कला आमच्या घरातून गेली याचं वाईट वाटतं. रसई थोडी खारट झाली. निखाऱ्यावर आगारी टाकताना अप्पांनी आईचं नाव घेतलं आणि स्वतः लाटलेल्या पोळीचा तुकडा टाकला. तो तुकडा जळेपर्यंत ते तिथेच बसून होते. ताई दुपारी जेवून लिंबाखाली बाज टाकून झोपली ती दिवेलागणीला उठली.

मार्गशीर्षातली पार्टी ठरली आहे. आमचा सोळा जणांचा कंपू आहे, आणि या वेळी घरून पुऱ्या मागवायच्या नाहीत असं सगळ्यांनी कबूल केलंय. कळण्याच्या भाकऱ्या शेतातच थापायच्या. सोळांपैकी चौघांना आत्ता भाकरी येते. बाकीचे दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर येतात, अप्पा परात घेऊन बसतात, आणि कडा फाटली की पीठ परत मळायला लावतात.